अ म्हणजे नाय

माझ्या वर्गाच्या मागच्या भिंतीवर एक तक्ता आहे. कार्डशीटवर स्केचपेनने मीच केलेला. कडा पिवळ्या पडल्यात, एक कोपरा वाळवीने खाल्लाय. वर मोठ्या अक्षरांत 'ए' आणि 'ॲन', आणि खाली शब्दांची रांग. एथिस्ट म्हणजे नास्तिक. अनॉनिमस म्हणजे निनावी. ॲनार्की म्हणजे अराजक. ॲम्नेशिया, विसर पडणं. ॲनिस्थेशिया, संवेदना नसणं. ॲनिमिया, रक्त नसणं. शब्द इंग्रजी, पण त्यांच्यापुढे लागलेला हा छोटा तुकडा ग्रीकांकडून आलेला, आणि त्याचं काम एकच. पुढे जे येईल त्याला नाही म्हणायचं.

हा तक्ता शिकवताना मी फुलून यायचे, हे कबूल करते. हा तर आपलाच अ, असं मी मुलांना सांगायचे. अज्ञान, अशक्त, अनाथ, अनामिक. कुठे ग्रीस आणि कुठे कर्जत, पण नाही म्हणायला दोघांनी एकच अक्षर उचललं. पोरं तोंड उघडं टाकून ऐकायची. मी आठवी-नववीला इंग्रजी शिकवते. मुंबईच्या माणसापुढे चार वाक्यं सलग बोलायची म्हटली तर दुसऱ्यातच मी मराठीवर येते. पण वासरांत लंगडी गाय शहाणी, तसं माझं चाललं होतं, आणि बरं चाललं होतं.

यंदा हा धडा आला तेव्हा मी मुलांना वह्या काढून तक्ता उतरवून घ्यायला सांगितलं आणि खिडकीपाशी जाऊन उभी राहिले. एका मुलीने विचारलं, बाई, तुम्ही समजावून नाही सांगणार? मी म्हटलं, सगळं तिथे लिहिलंय. सगळं तिथे लिहिलेलं नाही, म्हणून हे लिहायला बसलेय.

माझं सासर पळसदरीला आणि माहेर कोंडाण्याच्या डोंगराखालच्या एका गावात. दोन्हीकडे एक चाल पडून गेली आहे. दवाखान्यातून इंग्रजी कागद मिळाला की तो बाईंकडे आणायचा. डॉक्टरने तोंडी काय सांगितलं ते एकीकडे, आणि 'बाई काय म्हनल्या' ते एकीकडे. शाळा सुटल्यावर चहाच्या वेळेला लोक येतात. पिशवीतून फाइल काढून ओटीवरच्या बाकावर ठेवतात आणि आधी भाताच्या पिकाचं, पोराबाळांचं बोलून घेतात. आजारी माणूस असेल तर तोही भिंतीला टेकून बसतो. मग कुणीतरी म्हणतं, बाय, जरा अर्थ काढा. मोबाइल प्रत्येकाच्या खिशात असतो, पण या कामात त्याच्यावर कुणाचा भरवसा नाही. आमच्या शेजारच्या काकांचं म्हणणं असं की मोबाइलला काहीही विचारा, तो शेवटी कॅन्सरवरच येतो.

कोरोनात माझा भाव भलताच वधारला. असिम्प्टमॅटिक हा शब्द तेव्हा घरोघर पोचला आणि त्याचा अर्थ लक्षणं नसलेला, हे सांगणारी पंचक्रोशीत मीच. अनॉस्मिया म्हणजे वास न येणं, हेही मीच सांगितलं. लोकांना सुक्या बोंबलाचासुद्धा वास येईना आणि मी त्यांना ग्रीक शब्द फोडून दाखवत होते. तक्त्यात मी हे दोन शब्द नवीन पेनाने वाढवले. तेव्हा आपण किती उपयोगी पडतोय असं वाटून मी खूश होते.

या चालीची दुसरी बाजू अशी की आजाऱ्यासमोर वाईट शब्द काढायचा नाही. हे मला कुणी शिकवलं नव्हतं, समोरच्यांचे चेहरे बघून मी शिकले. कागदावर गाठ असेल तर मी सूज म्हणायचे. हृदय थकलंय असं असेल तर धाप लागते म्हणून आराम करा, असं सांगायचे. मंडळी उठली की घरातल्या एखाद्या शहाण्या माणसाला दारापाशी थांबवायचं आणि खरं काय ते हळूच सांगायचं. आजारी माणूस हलक्या मनाने घरी जायचा, शहाणा माणूस जड मनाने. मला वाटायचं, यापेक्षा चांगली रीत असूच शकत नाही.

आता भावाचं सांगते. तो माझ्याहून आठ वर्षांनी लहान. आई शेतावर असायची, त्यामुळे त्याला अंघोळ घालण्यापासून मारण्यापर्यंत सगळं मीच केलं. दहावीला त्याचं इंग्रजी कच्चं म्हणून मी त्याला समोर बसवून शब्द पाठ करून घ्यायचे, आणि चुकला की पट्टी. इंग्रजी त्याला कधीच आलं नाही, पण हा ग्रीकांचा ए मात्र त्याने धरून ठेवला, कारण त्याला त्यात खेळ सापडला. 'अ म्हंजे नाय,' असं घोकत तो म्हशी सोडायला जायचा आणि परत येऊन आईला म्हणायचा, आये, अ-भाकर झाली, वाढ. शाळेत गुरुजी आले नाहीत की अ-मास्तर. पायात चप्पल नसली की अ-चप्पल. दहावीला इंग्रजीत तो नापास झाला, तेव्हा निकालाचा कागद माझ्या हातात देऊन म्हणाला, 'ताय, अ-पास.' मला इतकं हसू आलं की मारायचं राहून गेलं.

पुढे त्याने थोडी शेती केली, थोडी विटांची भट्टी केली, आणि मग मोहोपाड्याकडच्या एका कारखान्यात कंत्राटावर लागला. काम पिंपं धुण्याचं. रोज सकाळी मोटरसायकलवरून चौकमार्गे जायचा आणि संध्याकाळी यायचा तो अंगाला रंगाच्या दुकानासारखा वास घेऊन. कसली पिंपं, आत काय असतं, हे ना त्याने कधी विचारलं ना मी. घराला पत्र्याऐवजी स्लॅब पडला, पोरगी माझ्याच शाळेत आली, एवढं आम्हाला पुरे होतं. नऊ वर्षं तो कंत्राटी होता. परमनंट करणार, परमनंट करणार, असं दर वर्षी ऐकू यायचं.

ज्या वर्षी खरंच यादी लागायची होती, त्या वर्षी होळीनंतरच्या एका रविवारी तो भावजयीला मागे बसवून माझ्याकडे आला. दंडावर काळेनिळे डाग होते. मी विचारलं तर म्हणाला, पिंप लागलं असंल. भावजय म्हणाली, पिंप मांडीवर पन लागतंय का? दात घासताना रक्त येत होतं, महिन्यात दोनदा ताप येऊन गेला होता, आणि घरचा चढ चढताना तो मध्येच बसत होता. कर्जतच्या एका डॉक्टरांनी रक्त तपासलं होतं आणि मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलला चिठ्ठी दिली होती. या आठवड्यात जा, असंही सांगितलं होतं. भाऊ म्हणाला, डॉक्टर लोक सगळ्यांनाच मुंबईला धाडतात.

त्याने चिठ्ठी बाकावर ठेवली. मग भाताचं नाही, पोरीचं नाही, सरळ मुद्द्यावर आला. यादी दोन महिन्यांनी लागणार होती. तोवर कुणाची रजा पडली, कुणी दवाखान्यात भरती झालं असं वरपर्यंत गेलं, तर नाव कटणार. सुपरवायझरनेच त्याला तसं सांगितलं होतं.

'ताय,' तो म्हणाला, 'दोन महिने थांबलं तं चालंल का, तेवढंच बग.'

मी चष्मा लावला आणि वाचलं. बरेचसे आकडे होते, रक्तातल्या कशाकशाचे, सगळेच कमी. त्याखाली प्रश्नचिन्ह आणि दोन शब्द. दुसरा शब्द ॲनिमिया. तो माझ्या तक्त्यातला होता, जुन्या ओळखीचा. आमच्या शाळेतल्या निम्म्या मुलींना असतो, दर सोमवारी आम्ही त्यांना लोहाच्या गोळ्या वाटतो. माझा जीव भांड्यात पडला. मी सांगितलं, रक्त कमी आहे. गूळ-शेंगदाणे खा, शेवग्याची भाजी खा, बीट खा, नाचणीची भाकरी खा.

भावजय शाळा सातवीपर्यंतच शिकलेली, पण तिची नजर माझ्या बोटावर होती. तिने विचारलं, 'आनि त्याच्या आधीचा शबुद काय हाय?'

त्याच्या आधीचा शब्द होता अप्लास्टिक. त्याच्याही तोंडाशी तोच ए. वर्गात असते तर मी तो फळ्यावर लिहून मध्ये रेघ मारली असती आणि पोरांना विचारलं असतं, सांगा, काय नाही? पण समोर माझा भाऊ बसला होता आणि त्याला दोन महिने हवे होते. मी म्हटलं, तो एक प्रकार असतो.

'दोन महिने चालंल ना?' त्याने पुन्हा विचारलं.

मी चालेल म्हटलं. एरवी मी कुणाला तरी दारापाशी थांबवते. त्या दिवशी कुणाला थांबवणार? त्या घरातलं शहाणं माणूस मीच होते.

नंतरचे दोन महिने मी दर रविवारी कर्जतच्या बाजारातून बीट घेऊन माहेरी जात होते. त्याला बीट लहानपणापासून आवडत नाही. मातीचा वास येतो म्हणायचा. पण मी समोर बसून त्याला खायला लावायचे, किसून, उकडून, भाकरीच्या पिठात कालवून. त्याचे ओठ लाल दिसायचे आणि मला बरं वाटायचं. भावजय चुलीपाशी बसून बघायची. एकदा फक्त म्हणाली की डाग वाढलेत. मी म्हटलं, रक्त भरायला वेळ लागतो.

यादी लागली. त्याचं नाव होतं. गावात पेढे वाटले, मी तर शाळेतही वाटले. नवीन ओळखपत्र गळ्यात घालून त्याने पोरीबरोबर फोटो काढला. त्यानंतर नऊ दिवसांनी कामावर असताना त्याच्या नाकातून रक्त सुरू झालं आणि ते थांबेना. तिथून त्याला थेट मुंबईला नेलं. मी शाळा सोडून पोचले तेव्हा नाकात कापूस घालून तो पडला होता, आणि मला बघून कसनुसा हसला.

तिथल्या डॉक्टरीणबाई वयाने माझ्या जुन्या विद्यार्थिनींएवढ्या. त्यांनी नीट मराठीत समजावलं. हाडांच्या आत मगज असतो, तो रक्त घडवतो. याच्या मगजाने घडवणंच थांबवलंय. लोहाने, बीटाने याला काही होत नाही, गिरणीच बंद असेल तर वरून कितीही धान्य ओतून काय उपयोग. मग त्यांनी फाइलमधली कर्जतची चिठ्ठी काढली, वरची तारीख बघितली आणि भावाला विचारलं, ही चिठ्ठी मिळून अडीच महिने झाले, इतके दिवस कुठे होतात?

मी पलंगाच्या पायथ्याशी उभी होते. त्याने माझ्याकडे बघितलं नाही. छताकडे बघून म्हणाला, 'शेतीचं काम हुतं, म्याडम.'

वैशाखात कसलं आलंय शेतीचं काम? डॉक्टरीणबाईंना ते कळलं नसेल. मला कळलं, भावजयीलाही कळलं. मला तेव्हा बोलायला हवं होतं. म्हणायला हवं होतं की मी थांबवलं याला. मी साडीचा पदर नीट केला आणि पाण्याची बाटली भरून आणायला गेले.

दुपारी भावजय औषधं आणायला खाली गेली तेव्हा तो जागा होता. पलंगाच्या डोक्याशी एक पाटी लटकवलेली होती, तिच्यावर आजाराचं नाव. मान वळवून तो ते अक्षर अक्षर लावत बसला होता, तिशी उलटून गेल्यावर पहिल्यांदाच.

'ताय, पयलं अक्षर ए हाय ना?'

मी हो म्हटलं.

'अ म्हंजे नाय. फुडं काय?'

या वेळी मी फोडून सांगितलं. प्लास्टिक हा मूळचा घडण्याचा शब्द. हवा तसा घडतो म्हणून त्या वस्तूला आपण प्लास्टिक म्हणतो, घडवायची शस्त्रक्रिया म्हणून प्लास्टिक सर्जरी. त्याच्याआधी अ लागला की घडत नाही. रक्त घडत नाही.

वर्गातल्या हुशार मुलाचा गणित सुटल्यावर होतो तसा त्याचा चेहरा झाला, आणि मला तो बघवेना.

'येवढंच व्हय,' तो म्हणाला. 'मंग आता बीट नको आनू.'

मी रडले. त्याने मला रडू दिलं, उगी म्हणाला नाही. दोन महिने माझ्या समाधानासाठी त्याने किती बीट गिळलं असेल, हाच विचार माझ्या डोक्यात येत राहिला. आजही भाजीवाल्याकडे बीट दिसलं की मी दुसऱ्या बाजूने जाते.

सख्ख्या भावंडाचा मगज जुळला तर तो घालता येतो, असं कळल्यावर माझी तपासणी झाली. जुळला. अगदी पुरता जुळला. डॉक्टरीणबाईंनी ते सांगितलं तेव्हा मी पिशवीच आवरायला लागले, कुठे झोपायचं सांगा म्हणून. त्या म्हणाल्या, थांबा. त्याच्या छातीत जंतू पसरले होते, अंगात लढायला पेशी नव्हत्या, आणि त्या स्थितीत ते करता येणार नव्हतं. आधी ताप उतरू दे. ताप उतरला नाही. आषाढात तो गेला.

दिवसकार्य झालं, सगळे पांगले, मी पळसदरीला परतले. भावजय मला एका शब्दाने बोलली नाही. आपलेच दात आपलेच ओठ, तसं तिने केलं असेल असं मी धरलं. मीही तिच्याशी त्यावर बोलले नाही. शब्दांचा नाद सुटत नाही म्हणून सांगते, ॲनेक्डोट हा शब्दही याच ए-ॲनच्या कुळातला आहे. आपण त्याचा अर्थ किस्सा असा करतो, पण मूळ अर्थ बाहेर न दिलेलं. आम्हा दोघींमध्ये तसं एक होतं.

मी कागद वाचणं बंद केलं. चष्म्याचा नंबर बदललाय, असं सांगायला लागले. पण चाल अशी एका माणसाच्या कानाला खडा लावण्याने मोडत नाही. आमच्याच आळीतला एक जण त्याच्या आईचा सोनोग्राफीचा कागद घेऊन आला. मी न बघताच म्हटलं, मला यातलं कळत नाही, डॉक्टरांनाच विचार. त्याचा चेहरा पांढरा पडला. घरी जाऊन त्याने सांगितलं, बाई काय बोलल्या नाय. संध्याकाळपर्यंत त्या घरात रडारड सुरू झाली, दिलेल्या मुली सासरहून निघून आल्या, म्हातारीने तुळशीचं पान मागितलं. तिला पित्ताशयात खडा झाला होता. तो काढून ती आता ठणठणीत आहे, आणि मला बघितलं की तोंड फिरवते. इतकी वर्षं मी वाईटाचं बरं करून सांगितलं, त्याचा परिणाम असा झाला की माझं गप्प राहणं म्हणजे मरण, असं लोकांनी ठरवून टाकलं. आपण पेरलेलंच उगवतं, दुसरं काय.

एक गोष्ट सांगायची मी टाळतेय. वर मी लिहिलंय की तो ग्रीक शब्द मी फोडला नाही, आणि वाचणाऱ्याला वाटेल की बिचारीला कळलं नाही. गेलं दीड वर्ष मीही माझी तशीच समजूत घालतेय. पण त्या चिठ्ठीच्या वरच्या कोपऱ्यात, लाल पेनाने, खाली दोन रेघा मारून, अर्जंट असं लिहिलं होतं. त्याला ना ग्रीक लागतं ना तक्ता लागतो. म्हशी वळणाऱ्यालाही कळतो तो शब्द. तो मी वाचला होता. डॉक्टर सगळ्यांवरच लिहितात, असं मनात म्हणून मी त्यावर अंगठा ठेवून चिठ्ठी धरली होती. भाऊ मला जे विचारत होता त्याचं उत्तर त्या अंगठ्याखाली होतं, आणि मी त्याला हवं ते उत्तर दिलं. कारण तो माझा लाडका होता, आणि नऊ वर्षांनी त्याला काहीतरी मिळत होतं, आणि त्याला नाही म्हणायची माझ्यात हिंमत नव्हती. नाही म्हणायचं अक्षर शिकवण्यात माझी हयात गेली.

गेल्या मार्गशीर्षातल्या एका शनिवारी भावजय आली. भाऊ गेल्यापासून माझ्या घरी ती पहिल्यांदाच येत होती. बरोबर पोरगी. चुलत्याच्या टेंपोतून आल्या होत्या आणि टेंपो खाली रस्त्यावर थांबवून ठेवला होता. पोरीला तिने मागच्या दारी पेरू काढायला पाठवलं आणि पिशवीतून एक कार्ड काढून बाकावर ठेवलं. शाळेत आरोग्य तपासणी झाली होती, त्याचं कार्ड. मीच आदल्या दिवशी वर्गात वाटलं होतं, नावं वाचून, आतलं न वाचता.

'वाचा,' ती म्हणाली.

मी चष्म्याचं सांगायला लागले. ती म्हणाली, चष्मा डोक्यावं हाय तुमच्या. मग मी म्हटलं, मी आता वाचत नाही. एकदा वाचलं त्याचं काय झालं ते तू बघितलंस.

'बगितलं ना,' ती म्हणाली. 'त्या कोपऱ्यातलं लाल अक्षर काय हुतं ते पन त्यांनी मला हास्पिटलात सांगितलं. त्यांना बी वाचता येत हुतं तेवढं. तायला कदी बोलू नको म्हनले, म्हनून आजवर बोलले नाय.'

म्हणजे त्यालाही माहीत होतं. त्या रविवारी बाकावर बसून, माझ्या अंगठ्याकडे बघत, तो मला विचारत होता. त्यालाही कुणीतरी चालेल म्हणायला हवं होतं, आणि आम्ही दोघांनी मिळून ते म्हटलं. यात मला थोडं हलकं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. तो घाबरलेला होता आणि मी मोठी होते.

'त्यांनी तुमाला माफ केलं,' ती म्हणाली. 'मी नाय केलं.'

तिचा आवाज चढला नव्हता. मी म्हटलं, बरोबर आहे तुझं. मग हे कार्ड दुसऱ्या कुणाला तरी दाखव, माझ्याकडे का आणलंस?

'कोनाला दाखवू? वाचायला दुसरं कोन हाय आमाला?'

मी चष्मा डोळ्यांवर घेतला. उंची, वजन, दात, डोळे. शेवटच्या ओळीत घाईघाईच्या अक्षरात ॲनिमिया. त्याच्या आधी काही आहे का, म्हणून मी कार्ड उजेडात नेऊन बघितलं, उलटून बघितलं, कोपरे बघितले. अंगठा कुठे येतोय तेही बघितलं. भावजय माझ्या खांद्याशी येऊन उभी राहिली होती आणि तिचा श्वास मला ऐकू येत होता. मी एकेका शब्दावर बोट ठेवून सांगितलं. इथे लिहिलंय, रक्त कमी आहे. याच्या आधी दुसरा शब्द नाही. इथे लिहिलंय, सरकारी दवाखान्यात दाखवून रक्त तपासा. हे साधंच आहे की नाही, ते मला कळत नाही.

ती कार्डाकडे बघत राहिली.

'कळत नाय, येवढं तवा म्हनला असता तं,' ती म्हणाली आणि कार्ड माझ्या हातातून घेऊन पिशवीत ठेवलं.

मागच्या दाराने पोरगी ओच्यात पेरू घेऊन आली. बापासारखीच, आधी स्वतः चावून बघून मग दुसरा मला दिला. मी भावजयीला म्हटलं, सोमवारी मी शाळेतून लवकर निघते, आपण तिघी मिळून जाऊ.

'सोमवारी नाय, ताय,' ती म्हणाली. 'आत्ता.'

मी पेरू तसाच बाकावर ठेवला, चपला घातल्या आणि त्या दोघींच्या मागून टेंपोकडे चालू लागले.